साखर तेव्हाच तपासा

लालबागला आमच्या चाळीत शेजारी एक काकू राहायच्या. श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे त्या गॅलरीत उभ्या राहून दुधाची पिशवी कपड्यांच्या बादलीत ओतत होत्या. हाक मारली तर ओ नाही. नजर आमच्याकडे, पण ओळख नाही. सुनेने कसंबसं खाली बसवून गोड चहा पाजला. दहा-पंधरा मिनिटांनी काकूच विचारायला लागल्या, "अगं, दूध कुणी सांडलं?" मधलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

चार वर्षं हे चाललं होतं. कुणी म्हणालं अंगात येतं, कुणी म्हणालं वय झालं. फिटच्या गोळ्या झाल्या, मग मनोविकाराच्या. मेंदूचा एमआरआय आणि ईईजी नॉर्मल आले, तसा सगळा संशय त्यांच्या मनावरच गेला. शेवटी एका झटक्यात इस्पितळात नेलं, तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टरने सलाईन लावायच्या आधी बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला ३८, म्हणजे फारच कमी.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, आणि साखरेचा साठा त्याच्याकडे जवळजवळ नसतो. पोट रिकामं असलं की निरोगी स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन आवरतं घेतं. इन्सुलिनोमा नावाची स्वादुपिंडातली गाठ ते सोडतच राहते. उपाशीपोटी एरवी चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदू त्यावर भागवतो. जास्तीचं इन्सुलिन ती वाटही अडवतं. म्हणून पहाटे, उपवासाला किंवा दगदगीनंतर माणूस बरळतो, भलतंच वागतो, एकाचे दोन दिसतात, कधी फिट येते.

घाम आणि थरथर दिसली असती तर साखरेचा संशय लवकर आला असता. पण साखर वारंवार उतरत राहिली की शरीर त्या इशाऱ्यांना सरावतं. उरतं फक्त विचित्र वागणं. मला या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते. त्यात घरचे मायेने चहा देतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत साखर नॉर्मल झालेली असते.

ॲलन व्हिपल या शल्यविशारदाने १९३८ मध्ये तीन खुणा सांगितल्या: साखर उतरल्याची लक्षणं, त्याच वेळी रक्तात खरोखर कमी साखर, आणि साखर दिल्यावर आराम. यातली मधली खूण हाती लागायला झटका चालू असतानाच रक्त घ्यावं लागतं.

ते जमलं नाही तर इस्पितळात दाखल करून, देखरेखीखाली जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवतात (घरी हा प्रयोग अजिबात करू नये, जिवावर बेतेल). साखर डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली असताना इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) दबलेले नसतील, तर ते इन्सुलिन शरीरातूनच येतंय. टोचलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी मात्र दोन्ही वाढतात, त्यामुळे त्या गोळ्यांसाठी रक्त वेगळं तपासतात. घरात कुणाच्या गोळ्या आहेत, हेही विचारतात.

गाठ शोधणं त्यानंतरचं काम. ती बहुधा २ सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि सीटी स्कॅनला कधी चुकवते. मग जठरात दुर्बीण घालून आतूनच सोनोग्राफी करतात. दर वर्षी दहा लाखांत एक ते चार जणांना होणारा हा आजार, पण दहातल्या नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि काढल्या की माणूस बरा होतो. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. आठच वर्षांनी त्याच शहरात रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला.

काकूंची गाठ वाटाण्यापेक्षा थोडी मोठी निघाली. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. पुढच्या श्रावणात काकूंनी सोमवार धरला. सून दिवसभर त्यांच्या मागे मागे होती. संध्याकाळी काकूंनी स्वतः दिवा लावला, स्वतःच भात टाकला आणि सगळ्यांची पानं वाढून मग उपास सोडला.