पाणी ओसरल्यावर लागणारी गाडी

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा वडोदऱ्याच्या सखल वस्त्यांत बोटींनी मोठे काम केले. मात्र पाणी गुडघ्याखाली उतरताच आमच्या ओळखीच्या एका गल्लीत बोटीचा तळ दगडांना घासू लागला, जीप गाळात रुतली आणि आजारी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावरून बाहेर आणले. नदीतल्या मगरी वस्तीत शिरलेल्या असताना त्या गढूळ पाण्यात पाऊल टाकायलाही छाती लागते.

बोट चालत नाही आणि जीपही चालत नाही, अशा जागी ऑल-टेरेन वाहन, म्हणजेच एटीव्ही, कामी येते. तिचा जन्म मात्र बचावकार्यासाठी झालेला नाही. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी हवे, या अमेरिकेतील विक्रेत्यांच्या गरजेतून होंडाने 1970 मध्ये तीनचाकी गाडी बाजारात आणली. तिची सारी करामत फुगीर टायरांत होती. मोटारीच्या चाकात हवेचा दाब चौरस इंचाला साधारण 30 पौंड असतो, तर या चाकांत तो जेमतेम दोन-तीन पौंड. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, भार विभागला जातो आणि चाक चिखलात खचत नाही.

तीन चाकांची गाडी वळणावर उलटे आणि त्या अपघातांमुळे 1988 मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबली. सुझुकीची चारचाकी 1982 पासूनच आली होती. पुढे शेजारी-शेजारी आसने आणि मागे हौदा असलेल्या गाड्या निघाल्या, आणि माझ्या मते बचावपथकांच्या दृष्टीने खरा बदल हाच होता, कारण हौद्यात स्ट्रेचर आडवे ठेवता येते.

भारतीय लष्कराकडे आता माणसाच्या उंचीच्या चाकांची, पाण्यावर तरंगणारी ‘एटोर’ गाडी असून 2025 च्या पंजाबमधील पुरात तिने लोकांना बाहेर काढले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन तर आपल्या वडोदऱ्याशेजारी जरोदलाच आहे. पण एटोरची रुंदी अडीच मीटरच्या आसपास आहे, आणि आजींना ज्या गल्लीतून खुर्चीवर आणले तिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावे लागते. तिथे हवी ती लहान, हौद्याची एटीव्हीच.