शीतक नळ्यांची मांडणी (जुन्या मोटारींची इंजिने)

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ब्लॉक (इंजिनाचे धड), हेड (त्यावरचे झाकण), रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) आणि गाडीच्या आत ऊब देणारा हीटर यांच्यामध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, नेणाऱ्या नळ्या कुठून कुठे जोडायच्या, याची योजना. गॅरेजात या नळ्यांना सरसकट ‘होज पाइप’ म्हणतात.

फोर्डच्या मॉडेल टीला (१९०८–२७), सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीत चढे आणि गार झालेले खालून ब्लॉकमध्ये परते. म्हणून नळ्या जाड आणि आखूड असत. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटे आणि पाणी उकळू लागे. पुढे पंप आला, तरी गरम पाणी वरून बाहेर, गार खालून आत, ही रीत टिकली.

पंपाच्या इंजिनात खालचा होज रेडिएटरच्या तळातून पंपाच्या ओढीकडे, म्हणजे पाणी आत खेचणाऱ्या बाजूकडे, येतो. ओढ जोराची असल्याने मऊ पडलेला होज वेग वाढला की चपटा होतो. गाडी हायवेवरच तापते आणि उभी केली की होज पुन्हा फुगलेला दिसतो. यासाठी काही होजमध्ये तारेची स्प्रिंग घातलेली असते. होज बदलताना ती जुन्याबरोबर फेकली जाते, हे नेहमीचेच.

हेडवरच्या थर्मोस्टॅटमधून (पाणी तापले की आपोआप उघडणारी झडप) वरचा होज रेडिएटरला जातो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडतो. तोवर पाणी फिरते राहावे म्हणून हेडपासून पंपापर्यंत बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी आडवाट, असते. ब्रिटिश मिनीच्या ए-सिरीज इंजिनात ही नळी जेमतेम बोटभर, हेड आणि पंप यांच्या बेचक्यात बसलेली. ती बदलणे म्हणजे मेकॅनिकच्या संयमाची परीक्षा. हेड न उतरवता दाबून बसवता यावी म्हणून तिचा वळ्यांचा प्रकारही मिळतो.

आपल्याकडे उकाड्याचे कारण सांगून थर्मोस्टॅट काढून टाकतात. थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो अशा इंजिनात हा उपाय उलटतो: बायपास कायम उघडा राहतो, बरेच गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येते आणि घाटात तापमानाचा काटा चढतो.

हीटरसाठी पाणी बहुधा हेडमधून घेऊन पंपाच्या ओढीकडे परत सोडतात. दोन्ही नळ्या सारख्याच दाबाच्या जागी जोडल्या तर पाणी हलत नाही.

इंजिन माउंटिंगवर (ज्या रबरी टेकूंवर ते बसते) हलते, म्हणून होज ताणून बसवू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा तापलेला धूर नेणारे नळ), पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवावा. वळणासाठी साच्यात घडवलेलाच होज घ्यावा, सरळ नळी मुरडली की आतून दबते. मध्येच उंचवटा आला तर तिथे हवा अडकते. फोक्सवागनच्या पाण्याने थंड होणाऱ्या टी३ व्हॅनमध्ये इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि नळ्या गाडीच्या तळाखालून. तिथे गाडीचा पुढचा भाग उचलून, रेडिएटरवरचा स्क्रू सैल करून हवा काढतात.