व्यावसायिक संपर्कस्थळे

व्यावसायिक संपर्कस्थळे : नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने ओळखी जोडण्यासाठी आणि टिकवण्यासाठी वापरली जाणारी आंतरजालावरील स्थळे. सदस्य येथे आपले शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये मांडतो, ओळखीच्या माणसांशी जोडून घेतो आणि मग त्या माणसांच्या ओळखीची माणसेही त्याला दिसू लागतात. यांतील सर्वांत मोठे स्थळ लिंक्डइन. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याच आधाराने केले आहे. नोकरीच्या जाहिराती देणारी स्थळे यांहून वेगळी. नोकरी डॉट कॉमवर (१९९७) उमेदवार जागा शोधतो, संपर्कस्थळावर माणसे शोधायची असतात. हा फरक लक्षात न आल्यामुळे कित्येक होतकरू मुलामुलींचे महिनेच्या महिने ‘अप्लाय’चे बटण दाबण्यात जातात, आणि उत्तर आले नाही की ती स्वतःलाच कमी लेखू लागतात.

ओळखीतून काम मिळणे आपल्याकडे जुनेच आहे. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला आलेला तरुण गावकऱ्यांच्या खोलीवर उतरे, खानावळीत जेवे आणि ओळखीचा जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, त्याला गिरणीत एखाद्या खात्यात लावून देई. या व्यवस्थेने हजारो घरे उभी केली. पण तिला कुंपणही होते : गाव, जात आणि नाते. ज्याचे गावकरी गिरणीत नव्हते, त्याच्यासाठी तो दरवाजा बंदच असे. ज्याच्या घरात कोणीच ‘तिथपर्यंत’ पोहोचलेले नाही, त्याला या कुंपणापलीकडे हाक मारता येते, हेच संपर्कस्थळांचे खरे मोल आहे.

लिंक्डइनची स्थापना रीड हॉफमन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी डिसेंबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियात केली. ५ मे २००३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये ओपनबीसी सुरू झाले. पुढे क्सिंग या नावाने ते जर्मन भाषक देशांत रुजले. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये २६.२ अब्ज डॉलरना लिंक्डइन विकत घेतले. २०२३ मध्ये सदस्यसंख्या एक अब्जावर गेली. सदस्यसंख्येत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

रचना : थेट जोडलेली माणसे ही पहिली पायरी, त्यांची जोडलेली माणसे दुसरी, आणि त्यांच्याही पुढची तिसरी. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरचा आकडा वाढवण्याच्या मागे लागतात. उपयोग मात्र दुसऱ्या पायरीचा असतो, कारण तेथे अनोळखी माणूस आणि आपण यांच्यामध्ये दोघांनाही ओळखणारे कोणीतरी उभे असते.

यामागचे कारण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नव्याने नोकरी बदललेल्यांना त्यांनी विचारले : ज्या माणसाकडून ही जागा कळली, तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांनी ‘नेहमी’ असे सांगितले, ५५.६ टक्क्यांनी ‘अधूनमधून’ आणि २७.८ टक्क्यांनी ‘क्वचितच’. उपयोगी पडला होता तो जुना वर्गमित्र, पूर्वीचा सहकारी किंवा आधीचा मालक. जिवलग मित्र मदतीला कमी पडतो असे मुळीच नाही. पण तो आपल्याच वर्तुळात वावरत असल्याने आपल्याला ठाऊक असलेलेच त्याला ठाऊक असते. दूरची ओळख दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणते.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही कल्पना लिंक्डइनवरच तपासली. २०१५ पासून पाच वर्षे, दोन कोटींहून अधिक सदस्यांना सुचवल्या जाणाऱ्या ओळखींचे प्रमाण बदलून पाहण्यात आले. सर्वाधिक लाभ मध्यम दूरच्या ओळखींचा झाला : अगदी परक्या नव्हेत, घरच्याही नव्हेत. जेथे संगणकीकरण कमी आहे अशा उद्योगांत मात्र जवळच्या ओळखीच अधिक कामी आल्या. आपल्यावर प्रयोग चालू असल्याची सदस्यांना कल्पना नव्हती, ही या अभ्यासावरची टीका रास्तच आहे.

वापर : सुरुवात नावाखालच्या ओळीपासून करावी. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे, आणि शोध घेणाऱ्याला नाव व छायाचित्र यांबरोबर ही ओळ प्रथम दिसते. भरतीचे काम करणारे कामाचे नाव, कौशल्य आणि शहर टाकून शोधतात, म्हणून तेथे ‘नव्या संधीच्या शोधात’ असे लिहिण्यापेक्षा नेमके काम लिहिणे हिताचे. ‘मेहनती, टीम प्लेअर’ हे शब्द कोणीही वापरू शकतो. ‘चाकणच्या कारखान्यात सीएनसी मशीनच्या सेटिंगचा वेळ ४० मिनिटांवरून २५ वर आणला’ हे ज्याने केले तोच लिहू शकतो. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलणे म्हणजे बढाई मारणे, असे संस्कार असतात. पण केलेल्या कामाची नोंद ही बढाई नव्हे, विशेषतः मुलींनी तर हा संकोच बाजूला ठेवावाच. मूल लहान असल्याने किंवा घरच्यांच्या आजारपणामुळे मध्ये गेलेली वर्षेही लपवू नयेत. २०२२ पासून असा खंड कारणासह नोंदवण्याची सोय आहे.

सर्वांत कमी वापरली जाणारी आणि मराठी विद्यार्थ्यांना सर्वाधिक उपयोगी पडेल अशी सोय म्हणजे महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांचा विभाग. कराडच्या किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली मंडळी आज कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, काय काम करतात हे तेथे गाळण्या लावून पाहता येते. त्यांतल्या एखाद्याला लिहिताना सोबत काही न लिहिता जोडून घेण्याची कोरी विनंती पाठवू नये आणि पहिल्याच निरोपात नोकरीही मागू नये. ‘नमस्कार मॅडम. मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकलची. आपण उत्पादन विभागातून डेटाच्या कामाकडे वळलात, तेव्हा आधी काय शिकलात एवढंच विचारायचं होतं. दोन ओळींत सांगितलंत तरी चालेल.’ अशा निरोपाला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त, कारण त्यात विचारणारी कोण, का विचारते आणि उत्तराला किती वेळ लागेल हे तिन्ही स्पष्ट आहे. उत्तर आले की आभार मानावेत, आणि सांगितलेले करून पाहिल्यावर काही महिन्यांनी ते आवर्जून कळवावे. हे दुसरे पत्र फार थोडे लोक लिहितात. खरी ओळख त्यातूनच होते.

येथे वशिला आणि रेफरल यांची गल्लत होऊ नये. वशिल्यात निवड आधीच झालेली असते. रेफरलमध्ये आतला माणूस एवढेच म्हणतो की हा अर्ज एकदा पाहा. मुलाखत ज्याची त्यालाच द्यावी लागते. बऱ्याच कंपन्या असे नाव सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला, निवड झाल्यास, बक्षीसही देतात. म्हणून योग्य जागेचा दुवा, आपला बायोडेटा आणि त्या जागेसाठी आपण का योग्य आहोत हे तीन-चार ओळींत लिहून रेफरल मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपण नोंदवलेल्या कौशल्याला इतरांकडून एका टिचकीने मिळणारी पसंती फारशी मोलाची नसते. ज्यांच्याबरोबर काम केले त्यांनी लिहिलेली शिफारस मोलाची. ती काम संपल्या संपल्या मागावी, आणि त्याआधी आपण दुसऱ्याबद्दल लिहून द्यावी. नव्या नोकरीच्या शोधात असल्याची खूण (‘ओपन टू वर्क’) नोकरीत असलेल्यांनी जपून लावावी : ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असे ठरवता येते, तरी आपल्याच कंपनीपासून ती लपेलच याची हमी लिंक्डइनही देत नाही.

धोके : २०१२ मध्ये लिंक्डइनवरून चोरीला गेलेले सुमारे ६५ लाख पासवर्ड उघड झाले, प्रत्यक्षात खाती ११ कोटींहून अधिक होती हे २०१६ मध्ये कळले. सदस्यांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना वारंवार निमंत्रणे गेल्याच्या दाव्यात २०१५ मध्ये कंपनीने १.३ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. फोनमधील सगळे संपर्क स्थळाच्या हवाली करू नयेत आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवावी. यापेक्षा मोठा धोका खोट्या नोकऱ्यांचा. थायलंडमध्ये चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे उघड झाल्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला. ती जाळी समाजमाध्यमांवरील जाहिरातींतूनच पसरली होती. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा व्हिसा यांच्या नावाने पैसे मागणारी ‘कंपनी’ तेथेच सोडावी. परदेशी नोकरी देणाऱ्या एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. पैसे गेलेच, तर घरच्यांना काय सांगू या विचारात वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत ती रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.