चूल विझली का राखेखाली निखारे आहेत? थायरॉईडचे डोळे आणि थर्मल कॅमेरा

चूल विझलीये का ते बघायला आजी राखेवर जरा वरून तळहात धरायची, हात लावायची नाही. थायरॉईडमुळे डोळे सुजलेल्या पेशंटबद्दल डॉक्टरला नेमकं हेच कळून घ्यायचं असतं.

ग्रेव्हजच्या आजारात आपल्याच अँटिबॉडीज थायरॉईडच्या मागे लागतात आणि काहींच्या बाबतीत डोळ्यामागच्या चरबीला, स्नायूंनाही सोडत नाहीत. ते फुगतात, खोबण पडली हाडाची, ती काय पसरणार, मग डोळाच पुढे सरकतो. टीएसएचचा (थायरॉईडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे डोळेही शांत झाले असं नसतं, इथे बरेच जण फसतात. (आणि सिगरेट चालू असेल तर अजूनच वाईट.) हा दाह साधारण वर्ष-दोन वर्षं धुमसतो आणि हळूहळू थंडावतो, पण डोळा तसाच बटबटीत राहू शकतो. गंमत अशी की स्टिरॉइडचा उपयोग दाह चालू असतानाच, नंतर दिलं तर साइड इफेक्ट तेवढे पदरात, आणि नजरच धोक्यात नसेल तर ऑपरेशन मात्र सगळं विझल्यावर.

मग चालू आहे का विझलं, ठरवायचं कसं? दुखणं, लाली, सूज अशा ७ गोष्टींना एकेक मार्क, ३ किंवा जास्त पडले की दाह चालू. पण लाली किती हे शेवटी बघणाऱ्यावर.

दाह असला की तिथे रक्त जास्त येतं, कातडी गरम होते आणि जास्त इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं, सोडते. आजीच्या तळहाताला लागायची ती हीच धग, फक्त ही किरणं टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला ०.१ अंशाचा फरकही कळतो. तैवानच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं की या पेशंटच्या डोळ्यांभोवतीचं तापमान निरोगी लोकांपेक्षा जास्त असतं आणि स्टिरॉइडनंतर ते उतरतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टीमनेही अशा फोटोंवरून दाह ओळखायची पद्धत काढली.

भानगडी आहेतच. कॅमेरा फक्त वरवरचं बघतो, खोबणीच्या आतलं नाही. साधे डोळे आले तरी गरम दिसणार. उलट पापणी नीट मिटत नसेल तर अश्रू उडून बुबुळ थंड दिसतं. चष्मा काढावाच लागतो, कारण काचेतून ही किरणं जात नाहीत, फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते दोन गडद गोल. उन्हातून आलेल्या माणसाला आधी दहा-पंधरा मिनिटं एसीत बसवायचं, पण झोत तोंडावर नको. म्हणून एकटा एक आकडा बघण्यापेक्षा त्याच पेशंटचा, त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावरून काढलेला मागचा फोटो शेजारी ठेवून बघणं जास्त कामाचं.