तीन भाषांच्या घरातलं बोबडं गणित

सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी घरं अशी आहेत : आजी विड्या वळता वळता नातवाला तेलुगूत ‘इटु रा’ म्हणते, आई स्वयंपाकघरातून ‘इकडे ये’ म्हणते आणि शेजारच्या अक्कलकोटकडच्या काकू दारातून कन्नडमध्ये ‘इल्ली बा’ म्हणतात. दीड वर्षाचं पोरगं तिघींकडेही जातं. कुणाच्या हातात खाऊ आहे एवढंच बघून जातं. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय आणि त्यात काही विशेष आहे असं इथे कुणालाही वाटत नाही.

विशेष वाटायला लागतं ते नर्सरीचा फॉर्म भरताना. ‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी. नाहीतर मूल गोंधळेल, उशिरा बोलेल.’ माझ्या ओळखीच्या एका घरात हा सल्ला इतका मनावर घेतला गेला की आजीने नातवाशी तेलुगूत बोलणंच सोडलं. तिला मराठी कामापुरती येते, इंग्रजी येतच नाही. म्हणजे ती गप्प बसली. भाषा शिकवण्यासाठी घरातलं सगळ्यात बोलकं माणूस गप्प करायचं, याला काय म्हणावं!

हा सल्ला का चुकीचा आहे हे कळायला आधी तान्ह्या मुलापुढची खरी अडचण काय ते बघू. ती आहे, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ही. कागदावर आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना सोडत नाही. खोटं वाटत असेल तर मोबाइलवर ‘मला आत्ता लाडू हवा’ हे वाक्य नेहमीच्या वेगाने रेकॉर्ड करा आणि पडद्यावरची ध्वनीची रेघ मोठी करून बघा. ‘मला’ आणि ‘आत्ता’ यांच्यामध्ये काहीच फट नसते. आपण म्हणतोच मुळी ‘मलात्ता’. ‘आत्ता’ संपून ‘लाडू’ सुरू होतो तिथेही रेघ तुटत नाही. ती सपाट होते एकाच ठिकाणी, ‘आत्ता’च्या पोटात, जिथे ‘त्त’ म्हणण्यासाठी जीभ दातांमागे टेकून हवा अडवते. म्हणजे वाक्यातली एकुलती एक ठळक शांतता शब्दाच्या मधोमध आहे आणि शब्दांच्या सीमा मात्र गायब आहेत. शांततेवर भरवसा ठेवून शब्द तोडणारं मूल ‘मलात्’ आणि ‘तालाडूहवा’ असे दोन शब्द शिकेल.

तेलुगू न येणारा माणूस पूर्व भागातल्या एखाद्या दुकानात उभा राहिला की त्याला वाटतं, ही मंडळी किती भरभर बोलतात. ती भरभर बोलत नसतात. आपल्याला सीमा सापडत नसतात, एवढंच. आणि हे नवजात बाळाच्या बाबतीत सगळ्याच भाषांना लागू आहे.

मग बाळ करतं काय? मोजतं. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत आवडतं प्रकरण हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

‘सोलापूर’ हा शब्द घ्या. घरात तो सतत कानावर पडतो. सोलापूरला जायचंय, सोलापूरची चादर, सोलापूर आलं का, सोलापुरात ऊन फार. यात ‘सोला’ ऐकू आलं की पुढे ‘पूर’ किंवा ‘पु’ येणार हे जवळजवळ ठरलेलं. पण ‘पूर’नंतर काय येईल? ला, ची, आ, हून, काहीही. म्हणजे शब्दाच्या आत पुढच्या अक्षराचा अंदाज सहज बांधता येतो आणि शब्दाच्या शेवटाला तो एकदम कोसळतो. जिथे अंदाज कोसळतो तिथे सीमा. एका अक्षरानंतर दुसरं येण्याच्या या शक्यतेला संक्रमण संभाव्यता म्हणतात. नाव जड आहे, पण हिशेब सोपा : ‘अ’ किती वेळा ऐकलं, त्यातल्या किती वेळा त्याच्या लगेच मागून ‘ब’ आलं, त्यांचा भागाकार.

बाळं खरोखर असं काही करतात का, हे अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी तपासलं आणि 1996 मध्ये छापलं. त्यांनी चार निरर्थक शब्द बनवले : तुपिरो, गोलाबू, बिडाकू, पाडोटी. संगणकाच्या सपाट आवाजात, कुठेही न थांबता, कुठेही जोर न देता, हे शब्द उलटसुलट क्रमाने आठ महिन्यांच्या बाळांना ऐकवले. प्रत्येक शब्द 45 वेळा, म्हणजे एकूण 180 शब्द, 540 अक्षरं. सगळा मामला दोन मिनिटांचा. ‘बि’नंतर ‘डा’ येण्याची शक्यता 1, कारण दुसरं काही येतच नव्हतं. एकच शब्द लागोपाठ दोनदा येत नसल्यामुळे ‘कू’नंतर मात्र उरलेल्या तिघांपैकी कुठल्याही शब्दाची सुरुवात येऊ शकत होती, म्हणून तिथे शक्यता साधारण 0.33. सीमा ओळखायला एवढा एकच धागा होता.

मग चाचणी. एका बाजूला दिवा लुकलुकतो, बाळ तिकडे मान वळवतं, तिथल्या स्पीकरमधून एक शब्द पुन्हा पुन्हा वाजतो. बाळ जितका वेळ तिकडे बघत राहील तितका वेळ तो वाजतो. कधी ‘बिडाकू’सारखा पुरा शब्द, तर कधी ‘कूपाडो’सारखा तुकडा, म्हणजे एका शब्दाची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं. असे तुकडे बाळांनी जास्त वेळ ऐकले. पुरे शब्द त्यांना जुने झाले होते. दोन मिनिटांत!

यावर रास्त आक्षेप आला. बाळ शक्यता कशाला काढतंय, ‘बिडाकू’ हे ‘कूपाडो’पेक्षा जास्त वेळा कानावर पडलं, त्याने नुसती वारंवारता मोजली असेल. त्याच तिघांनी 1998 मध्ये त्याचा बंदोबस्त केला. चारपैकी दोन शब्द दुप्पट वेळा ऐकवले. त्यामुळे त्या दोघांच्या सांध्यावर तयार होणारे तुकडे जितक्या वेळा ऐकू आले, बरोब्बर तितक्याच वेळा उरलेले दोन खरे शब्द ऐकू आले. आता वारंवारता सारखी, फरक फक्त आतल्या शक्यतेचा. तरीही बाळांनी शब्द आणि तुकडे वेगळे ओळखले. हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कागदावर आकडेमोड करून बघितली होती; इतकी नेटकी मांडणी क्वचित सापडते. (आकडे डोक्यावरून गेले असतील तर सोडून द्या, पुढचं त्यावाचून कळेल.)

अर्थात शब्द तोडता आला म्हणजे भाषा आली असं नाही. ‘बिडाकू’ला अर्थच नव्हता. अर्थासाठी मोठ्या माणसाची नजर कुठे आहे, बोट कशाकडे आहे, हे समजावं लागतं आणि ते साधारण नवव्या महिन्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत जमायला लागतं.

आता आपल्या तीन भाषांच्या घरात परत येऊ. इथे शंका अशी, की बाळ तेलुगू, मराठी, कन्नड सगळं एकाच खात्यात मोजत असेल तर हिशेबाचा चिवडा होणार. पण खाती वेगळी ठेवण्याची सोय बाळ जन्मतःच घेऊन येतं. लयीत पुरेसा फरक असलेल्या दोन भाषा नवजात मुलांनाही वेगळ्या ओळखू येतात. तेलुगू आणि कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतात, आपले घर, हात, पाय व्यंजनावर थांबतात. अशा खुणाही त्या कानाला उपयोगी पडू शकतात. शिवाय बाळ तोंडाकडेही बघतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आवाज बंद करून फक्त बोलणारे चेहरे दाखवले. चार आणि सहा महिन्यांच्या बाळांना, फ्रेंच संपून इंग्रजी सुरू झालेली नुसत्या ओठांवरून कळली. आठव्या महिन्यात एकभाषिक घरातल्या बाळांची ही नजर गेली होती, दोन्ही भाषा ऐकणाऱ्यांची शाबूत होती.

कानाचंही तसंच आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी 1984 मध्ये दाखवलं की सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे कळतात, पण वर्षाचं होता होता तो फरक त्यांच्या कानातून निसटतो. न लागणारे फरक मेंदू सोडून देतो. आजी गप्प बसते तेव्हा नेमकं हेच सोडणं सुरू होतं.

या संशोधनाच्या नावावर दुकानंही चालतात. गर्भसंस्काराचे वर्ग घ्या. शेवटच्या तिमाहीत पोटातल्या बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर ते तो ओळखतं, इतकं पक्कं आहे. पण भिंतीपलीकडचं बोलणं यावं तशी त्याच्यापर्यंत लय आणि चढउतार तेवढे पोचतात, श्लोकाचा अर्थ पोचत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आईसुद्धा तेच काम फुकटात करत असते. दुसरं दुकान मोबाइलचं. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर बसून कुणीतरी चिनी भाषेत बारा वेळा खेळत-बोलत राहिलं, तेव्हा त्यांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तोच मजकूर पडद्यावरून दाखवला तर काहीही शिकली नाहीत. तेव्हा इंग्रजी बडबडगीतांचा व्हिडिओ लावून ‘इंग्लिशचं वातावरण’ होत नाही.

राहिला उशिरा बोलण्याचा मुद्दा. दोन-तीन भाषांतली मुलंही पहिला शब्द वर्षाच्या आसपास आणि दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांच्या आसपासच करतात. मोजणारा चुकतो. समजा पोराला तीस शब्द येतात, बारा मराठी, चौदा तेलुगू, चार कन्नड. मराठी तेवढे मोजले तर ते मागे पडलेलं दिसणारच. तिन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात.

खरोखर उशीर असेल तर मात्र भाषेला दोष देत बसू नये. जीभ सुटावी म्हणून वेखंड आणि मध चाटवणं तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझमची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा बोलत होतं ते थांबलं असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. त्यासाठीची बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघणारी, बाळ झोपेत असताना होते, दुखत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपणाही आहे आणि भाषेतला उशीरही. डॉक्टर विचारतील, किती शब्द बोलतो? त्या वेळी आजीला बरोबर न्या. तेलुगू शब्द तिलाच माहीत असणार.