पेशी मोजल्या, पण त्या कामावर आहेत का?

ऑपरेशन व्यवस्थित होते, टाके कोरडे असतात, सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मूल तापाने फणफणते. जंतू कुठून आले, हे शोधण्याची पद्धत वैद्यकाने लवकर बसवली. त्याच वेळी मुलाच्या स्वतःच्या पेशी काय करत होत्या, हे विचारायला मात्र फार उशीर केला.

पहिला प्रश्न एका मुलापासूनच सुरू झाला. 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगोमध्ये अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले आणि हाड कातडीबाहेर आले. अशा जखमा तेव्हा हमखास सडायच्या, पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड ठेवले. सहा आठवड्यांनी हाड जुळले होते. तेव्हापासून शस्त्रक्रियेचे सगळे लक्ष हात, हत्यारे आणि हवा यांच्या स्वच्छतेकडे गेले, आणि ते योग्यच होते.

दुसऱ्या प्रश्नाचे बीज 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे पडले. इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि सकाळी पाहिले, तर त्याच्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला. जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथून आली. 1908 मध्ये त्यांना पाउल एर्लिश यांच्यासोबत नोबेल मिळाले. तरी ऑपरेशन थिएटरपर्यंत ही कल्पना पोचायला आणखी काही दशके गेली, आणि ती पोचली ती मुलांना बसलेल्या फटक्यांमुळे.

1952 मध्ये किंग आणि शुमॅकर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी पाच तान्ह्या बाळांची हकिगत छापली. रक्तपेशी फुटण्याच्या जन्मजात आजारासाठी त्यांची पानथरी (प्लीहा) काढली होती. पुढे मेंदूज्वर आणि रक्तातला संसर्ग असे प्रकार दिसले. जखमेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पानथरी गेली तरी चालते, असा तोवर समज होता. प्रत्यक्षात न्यूमोकोकससारखे आवरण असलेले जंतू रक्तातून गाळून टाकण्याचे काम तिथल्या पेशी करतात, आणि लहान मुलांकडे त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात. 1968 मध्ये उपाध्याय आणि सिम्पसन यांनी टोरंटोमधल्या अनुभवावरून दाखवले की, अपघातात पानथरी फाटली तरी बऱ्याच मुलांमध्ये ती काढावी लागत नाही. आज काढावीच लागली, तर लस आणि पेनिसिलिन ठरलेले असते.

थायमसची गोष्टही जवळपास अशीच. तान्ह्या बाळाचे हृदय उघडायचे तर त्यावर पसरलेली ही ग्रंथी आड येते, म्हणून ती काढून टाकत. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांवरून दाखवले की जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींचा कारखाना तोच आहे.

हे झाले अवयव काढण्याचे. काहीही न काढता, निव्वळ शस्त्रक्रियेच्या धक्क्यानेही पेशी ढिल्या पडतात का? 1970च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये मॅक्लीन आणि मीकिन्स यांनी साध्या उपायाने हे पाहिले: ओळखीच्या जंतूंचे अंश कातडीत टोचायचे आणि दोन दिवसांनी गाठ येते का, म्हणजे पेशी तिथे धावून येतात का, ते बघायचे. ज्यांना काहीच आले नाही, त्यांच्यात सेप्सिस (अंगभर भिनलेला संसर्ग) आणि मृत्यू जास्त होते.

मुलांच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा 1992चा आहे. त्याआधी कितीतरी वर्षे नवजात बाळांना वेदना नीट कळत नाहीत असे मानून भूल बेताचीच दिली जायची. (आज हे वाचतानाही अंगावर काटा येतो.) आनंद आणि हिकी यांनी हृदयाच्या ऑपरेशनसाठी 30 नवजात बाळांना सुफेंटॅनिल या जोरदार वेदनाशामकाची मोठी मात्रा आणि नंतरही भरपूर वेदनाशामक दिले, 15 जणांना हलकी भूल दिली. दुसऱ्या गटात चार बाळे दगावली, पहिल्यात एकही नाही. सेप्सिसही पहिल्या गटात कमी होता. वेदनेने कॉर्टिसोल आणि ॲड्रेनलिन उसळतात, आणि ही संप्रेरके पांढऱ्या पेशींना आवर घालतात.

फाटलेल्या ऊतींमधून पेशींचा आतला ऐवज रक्तात सांडतो, शरीर त्याला हल्ला समजून पेटते आणि मग स्वतःच ब्रेक दाबते. या ब्रेकला रॉजर बोन यांनी 1996 मध्ये नाव दिले. हा ब्रेक मोजताही येतो. मुलाचे थोडे रक्त घेऊन त्यात जंतूच्या आवरणाचा तुकडा घालायचा, चार तास शरीराच्या तापमानाला ठेवायचे आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी टीएनएफ हे धोक्याचा इशारा देणारे प्रथिन किती सोडतात ते पाहायचे. धडधाकट पेशी खवळतात. काही मुलांच्या पेशी नुसत्या बसून राहतात. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर हे वारंवार दिसले, आणि ज्यांच्या पेशी जास्त दिवस अशा राहिल्या त्यांनाच पुढे संसर्ग जास्त झाले. 2011 मध्ये मार्क हॉल यांच्या गटाने अनेक अवयव निकामी झालेल्या काही मोजक्या मुलांना जीएम-सीएसएफ हे पांढऱ्या पेशींना चालना देणारे औषध देऊन या पेशी जाग्या केल्या. आकडे छोटे होते.

ही चाचणी अजून बहुतेक ठिकाणी संशोधनापुरतीच आहे. वॉर्डात हातात येतो तो सीबीसी, आणि त्यात पेशींची फक्त हजेरी असते.