बाँडच्या आधी बाँडचं परीक्षण

जेम्स बाँडचा पहिला चित्रपट लंडनमध्ये ऑक्टोबर १९६२ मध्ये लागला. मुंबईकरांच्या वाट्याला मात्र त्या काळात बाँड बहुतेक वेळा शिळाच आला. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, मग सेन्सॉरची कात्री असं सगळं पार करून प्रिंट इथे पोहोचायची. १९७१ मध्ये अमेरिकेच्या बड्या कंपन्यांचा भारत सरकारशी असलेला करार संपला आणि १९७५ पर्यंत त्यांनी नवे चित्रपट पाठवणंच थांबवलं. शॉन कॉनरी जाऊन रॉजर मूर आला तो नेमका याच काळात.

सिनेमा नाही, पण त्याच्याबद्दलचं लिखाण मिळायचं. न्यू मरीन लाइन्सची अमेरिकन लायब्ररी होती, फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर रद्दीतून आलेले परदेशी अंक होते. ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाचा जुना अंक उघडला की घड्याळांच्या आणि व्हिस्कीच्या जाहिरातींना खेटून मजकुराच्या अरुंद पट्ट्या, मध्येच एखादं व्यंगचित्र, आणि त्यातून वाट काढत पानामागून पान चाललेलं चित्रपट समीक्षक पॉलिन केल यांचं परीक्षण. तारे नाहीत, गुण नाहीत. बाईंचं म्हणणं कळायला अख्खा लेख वाचावाच लागे.

केल १९६८ मध्ये तिथे रुजू झाल्या. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव होतं ‘किस किस बँग बँग’. हे शब्द त्यांना एका इटालियन पोस्टरवर दिसले होते आणि सिनेमाचं मूळ आकर्षण इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. बाँडलाही याच नावाने ओळखत. फेब्रुवारी १९६९ च्या ‘हार्पर्स’ मासिकातल्या निबंधात त्यांनी तो धागा पुढे नेला: थोर कलाकृती पडद्यावर क्वचितच दिसते, तेव्हा झकास टुकार सिनेमाची मजा ज्याला घेता येत नाही, त्याने थिएटरात जावंच कशाला? पण टुकारला टुकारच म्हणा, उगाच त्याच्यावर तत्त्वज्ञानाची शाल पांघरू नका, हेही त्याच दमात.

१९६९ च्या जॉर्ज लॅझेन्बीच्या बाँडपटाला त्यांनी हेच माप लावलं. नायक त्यांना मचूळ वाटला, पण बर्फावरचा स्कीचा पाठलाग त्यांनी मनापासून वाखाणला आणि दिग्दर्शक पीटर हंट यांना त्याचं माप पदरात टाकलं. एकाच लेखात नट नापास आणि संकलनाची नजर असलेला दिग्दर्शक पास! आपल्याकडची बरीच परीक्षणं तेव्हा गोष्ट सांगून ‘अभिनय ठीक’वर संपत, त्यांच्या तुलनेत हे नवलच होतं.

सगळे बाँडपट केलबाईंच्या हाती आले नाहीत, त्याचं कारण अगदी साधं. स्तंभ सहा-सहा महिने वाटून दिलेला होता. उन्हाळ्याचे महिने दुसऱ्या समीक्षक पेनेलोपी गिलियट यांचे. मूरचे १९७३, १९७७ आणि १९७९ चे चित्रपट अमेरिकेत उन्हाळ्यातच लागले. वर्षभराचा स्तंभ केल यांच्याकडे आला तो १९८० मध्ये.

इकडे मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ मध्येच सुरू झालं होतं. फिल्म सोसायटीच्या वर्तुळात बर्गमन, गोदार, राय अशा दिग्दर्शकांवर तावातावाने बोललं जाई. रीगलला बाँड पाहून आलेला माणूस तिथे जरा गप्पच बसे. अशांना केल यांनी बळ दिलं, असं माझं मत आहे. १९८३ च्या बाँडपटात तर उदयपूर होतं, कबीर बेदी होता, विजय अमृतराजही होता. त्यावर हिरिरीने बोलायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

सेन्सॉरची कात्री मात्र टिकली. २०१५ च्या बाँडपटातलं चुंबन मुंबईत मुख्यालय असलेल्या मंडळाने निम्म्यावर आणलं आणि ‘संस्कारी बाँड’ म्हणून देशभर हसं झालं. केलबाईंना यावर लिहायला आवडलं असतं, पण त्यांनी १९९१ मध्येच स्तंभ सोडला होता आणि २००१ मध्ये त्या गेल्या. पिअर्स ब्रॉस्ननपासूनच्या एकाही बाँडवर त्यांचं परीक्षण नाही.